पोस्टग्रेसमधलं फंक्शन आणि प्रोसिजर: कमिट कुणाच्या हाती?

ओरॅकल या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या डेटाबेसवर कोड आणताना एक एरर बहुतेकांना भेटते: 'इनव्हॅलिड ट्रान्झॅक्शन टर्मिनेशन'. जुन्या कोडमध्ये मध्येच एक कमिट (तोवरचे बदल कायमचे पक्के करायची आज्ञा) असतं, ते जसंच्या तसं फंक्शनमध्ये येतं आणि पोस्टग्रेस ते चालवायला नकार देतं. मग कुणीतरी सुचवतं, 'फंक्शन नको, प्रोसिजर कर.' क्रिएट फंक्शनच्या जागी क्रिएट प्रोसिजर येतं, सिलेक्टच्या जागी कॉल येतं, आणि अनेकदा तीच एरर पुन्हा समोर उभी राहते. दोन्ही म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेला, नावाने बोलावायचा कोड, आणि तो दिसायला इतका सारखा असतो की फरक नावापुरताच वाटतो. खरा फरक ट्रान्झॅक्शनची (एकत्रच पक्क्या होणाऱ्या किंवा एकत्रच मागे जाणाऱ्या बदलांच्या गटाची) हद्द कोण आखतं, यात आहे.

2018 च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या अकराव्या आवृत्तीपर्यंत पोस्टग्रेसमध्ये प्रोसिजर हा प्रकारच नव्हता. काही परत करायचं नसलं की 'व्हॉइड' परत करणारं फंक्शन लिहायचं, एवढंच. त्यामुळे जुन्या सवयीने आजही कित्येक जण सगळं काम फंक्शनमध्ये लिहितात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं.

फंक्शनला कमिट का करता येत नाही, हे समजायला ते कुठे चालतं ते पाहावं. समजा खात्यांच्या टेबलवर एक सिलेक्ट आहे आणि प्रत्येक खात्यासाठी त्यात व्याज मोजून नोंदवणारं फंक्शन बोलावलंय. एक लाख खाती आहेत, क्वेरी पाचशेव्या खात्यावर आहे. ती सुरू झाली तेव्हा घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाचं चित्र) तिच्या हातात आहे, निकाल अर्धाच बाहेर पडलाय. अशा वेळी आतल्या फंक्शनने कमिट केलं, तर एकच स्टेटमेंट अर्धं पक्कं आणि अर्धं कच्चं राहील. 'स्टेटमेंट पूर्ण होईल किंवा अजिबात होणार नाही' ही हमी तिथेच संपेल. म्हणून फंक्शन कायम बोलावणाऱ्याच्या ट्रान्झॅक्शनमध्ये राहतं. टेबलमधल्या बदलावर आपोआप चालणाऱ्या ट्रिगर फंक्शनचंही तेच. हा पोस्टग्रेसचा हट्ट नाही. क्वेरीतून बोलावलेल्या फंक्शनने कमिट केलं तर ओरॅकलही ओआरए-14552 ही एरर देतं आणि मायएसक्यूएल स्टोअर्ड फंक्शनमध्ये कमिटला परवानगीच देत नाही.

प्रोसिजरला ही अडचण नाही, कारण कॉल हे स्वतंत्र स्टेटमेंट आहे. त्याच्याभोवती अर्धवट चाललेली क्वेरी नसते. आत कमिट किंवा रोलबॅक (बदल मागे घेणं) केलं की पुढचं ट्रान्झॅक्शन आपोआप सुरू होतं, ते वेगळं उघडावं लागत नाही.

पण ही मोकळीक बोलावणाऱ्याने द्यावी लागते, आणि दुसऱ्यांदा आलेल्या त्या एररचं मूळ बहुधा इथेच सापडतं. कॉलच्या आधी कुणी बिगिन लिहून ट्रान्झॅक्शन उघडलं असेल, तर ते त्याचं आहे. आतल्या प्रोसिजरने ते बंद करू नये. जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या जेडीबीसीमध्ये ऑटोकमिट (प्रत्येक स्टेटमेंट आपोआप पक्कं होणं) बंद असेल तर ड्रायव्हर आपल्या नकळत बिगिन पाठवतो. पायथनचा सायकोपीजी हा ड्रायव्हर तर मुळातच तसा वागतो. त्यामुळे एसक्यूएल एडिटरमध्ये नीट चाललेली प्रोसिजर ॲप्लिकेशनमधून पडते, आणि दोष प्रोसिजरमध्ये शोधला जातो. एका प्रोसिजरने दुसरी कॉल केली तर कमिट चालतं. मध्ये सिलेक्टने बोलावलेलं एखादं फंक्शन आलं की ती साखळी तुटते. सिक्युरिटी डिफायनर (मालकाच्या हक्कांनी चालवणारं) किंवा सेट (चालताना सेटिंग बदलणारं) कलम जोडलेल्या प्रोसिजरलाही ही मुभा नाही.

प्रोसिजरमधल्या कमिटचा खरा उपयोग मोठं काम टप्प्याटप्प्याने करताना होतो. दोन कोटी जुने लॉग रेकॉर्ड काढायचे आहेत. एकाच डिलीटने ते केलं तर सगळी लॉक शेवटपर्यंत अडकून राहतात, तोवर व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसच्या साफसफाईच्या कामाला) त्या रेकॉर्डची जागा मोकळी करता येत नाही, आणि शेवटी काही बिघडलं तर तासाभराचं काम वाया जातं. त्यापेक्षा लूपमध्ये दर फेरीला दहा हजार रेकॉर्ड निवडावेत, काढावेत, कमिट करावं आणि काढलेल्यांची संख्या शून्य झाली की थांबावं. सगळे आयडी देणाऱ्या एकाच सिलेक्टवर फॉर लूप चालवून आत कमिट करण्याचा मोह मात्र टाळावा. पहिल्या कमिटला पोस्टग्रेस त्या लूपमागच्या कर्सरचा (निकाल थोडा थोडा वाचणाऱ्या साधनाचा) संपूर्ण निकाल आधी काढून साठवून ठेवतं, म्हणजे टप्पे पाडण्याचा निम्मा फायदा तिथेच जातो.

याची किंमतही आहे. दहाव्या टप्प्यावर एरर आली तर आधीचे नऊ पक्के झालेले असतात, ते मागे येत नाहीत. म्हणून अशी प्रोसिजर पुन्हा चालवली तरी बरोबर काम करेल अशीच लिहायला हवी. जुने लॉग काढताना ते सहज जमतं. एका खात्यातून पैसे वजा करून दुसऱ्यात जमा करताना असे टप्पे पाडूच नयेत. माझं मत असं की ते काम फंक्शनमध्येच राहावं आणि कमिटचा निर्णय ॲप्लिकेशनने घ्यावा. उद्या त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आणखी एखादी नोंद जोडायची झाली तर ती जोडता येते.

आणखी एक घोळ इथेच होतो. पीएल/पीजीएसक्यूएल या, पोस्टग्रेसमध्ये फंक्शन-प्रोसिजर लिहायच्या भाषेतलं बिगिन फक्त ब्लॉक उघडतं, ट्रान्झॅक्शन नाही. त्या ब्लॉकला एक्सेप्शन भाग जोडला की आतून एक सबट्रान्झॅक्शन (ट्रान्झॅक्शनच्या आतलं छोटं ट्रान्झॅक्शन) तयार होतं: एरर आली तर त्या ब्लॉकमधले डेटाबेसमधले बदल मागे जातात, व्हेरिएबलच्या किमती मात्र तशाच राहतात. हे फंक्शन आणि प्रोसिजर दोन्हींत चालतं. सेव्हपॉइंट हे, ट्रान्झॅक्शनमध्ये मागे येण्याची खूण करणारं स्टेटमेंट दोन्हींतही चालत नाही, त्याचं काम या ब्लॉकनेच करायचं. पण असा ब्लॉक उघडा असताना कमिट करता येत नाही, प्रोसिजरमध्येसुद्धा. म्हणून लूपमध्ये एक्सेप्शनचा ब्लॉक आधी बंद करावा आणि त्याच्या बाहेर, त्याच फेरीत, कमिट लिहावं. प्रत्येक रेकॉर्डला असा ब्लॉक लावणंही महाग पडतं. एका ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिणारी सबट्रान्झॅक्शन 64 च्या पुढे गेली की त्यांची यादी बॅकएंडच्या (त्या कनेक्शनसाठी सर्व्हरवर चालणाऱ्या प्रक्रियेच्या) छोट्या कॅशमध्ये मावत नाही, आणि इतर सेशनच्या क्वेरींनाही जास्तीचा शोध घ्यावा लागतो.

ओरॅकलमधून येणारे आणखी एक गोष्ट हमखास मागतात: मुख्य काम रोलबॅक झालं तरी एरर-लॉगची नोंद टिकली पाहिजे. तिथे त्यासाठी मुख्य कामापासून स्वतंत्रपणे पक्कं होणारं ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शन असतं, पोस्टग्रेसमध्ये ते नाही. प्रोसिजरमधलं कमिट त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण ते फक्त लॉगची नोंद पक्की करत नाही, तोवरचं अर्धवट कामही सोबत पक्कं करतं. त्यासाठी डीबीलिंक या एक्स्टेन्शनने दुसरं कनेक्शन उघडून नोंद करावी, किंवा एरर ॲप्लिकेशनपर्यंत जाऊ द्यावी आणि रोलबॅकनंतर तिथून नव्या ट्रान्झॅक्शनमध्ये लॉग लिहावा.