सामूहिक वनहक्काचा दावा: शहापूर-मुरबाडच्या पाड्यांचे अर्ज कुठे अडतात

दिवाळी झाली की ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडचे कातकरी पाडे रिकामे व्हायला लागतात. माणसं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत पाऊस तोंडावर येतो. घरकुल आलं, रेशन आलं, तरी हे थांबत नाही, कारण वर्षभर पोट भरेल असं काही पाड्याच्या हातात नसतं. भोवती जंगल असतं, पण त्यावर हक्क नसतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो देऊ केला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला तो २००९ मध्ये मिळाला आणि पुढे गावाने आपला बांबू स्वतः विकला. आपल्याकडचे दावे मात्र फुटकळ कागदांपायी परत येतात, म्हणून हे लिहितो आहे.

फॉर्म तीन आहेत. कसलेल्या जमिनीसाठी फॉर्म ए. चराई, मासेमारी, निस्तार (घरच्या गरजेपुरतं जंगलातून घेणं), गौण वनोपज (बांबू, मोह, कंद असा माल) यांसाठी फॉर्म बी. गावाच्या पारंपरिक हद्दीतलं सगळं जंगल राखण्या-सांभाळण्यासाठी फॉर्म सी. बहुतेक पाडे ए भरून थांबतात. वैयक्तिक दाव्याची कमाल मर्यादा ४ हेक्टर आहे आणि हातात पडतात ते बहुतेकदा गुंठेच. तेवढ्यावर भट्टी सुटत नाही. गाव स्वतःच्या पायावर उभं करायचं असेल तर बी आणि सी दोन्ही भराच.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती तारीख. ‘१३ डिसेंबर २००५ ला मुदत संपली’ असं सांगून लोकांना परत पाठवलं जातं. ही अर्जाची शेवटची तारीख नाहीच. वैयक्तिक दाव्यात जमीन त्या दिवसाआधीपासून ताब्यात असावी, एवढाच तिचा अर्थ. तीन महिन्यांची मुदत असते ती ग्रामसभेने दावे मागवल्यापासून, आणि ग्रामसभा लेखी कारण नोंदवून ती वाढवू शकते. उलट २०१२ च्या सुधारित नियमांनुसार वननिवासी असलेल्या प्रत्येक गावाचा फॉर्म सीचा हक्क मान्य होतो की नाही हे जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हास्तरीय समितीने बघायचं आहे, आणि झाला नसेल तर कारण नोंदवायचं आहे. मुदत संपली असं कोणी म्हणालं तर एवढंच म्हणा: साहेब, लिहून द्या.

दुसरी अडचण पंचाहत्तर वर्षांच्या पुराव्याची. तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याची अट इतर पारंपरिक वननिवासींना, म्हणजे अनुसूचित जमातीत नसलेल्यांना आहे. कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी यांना ती नाही. फॉर्म सी ग्रामसभा सदस्यांची यादी मागतो आणि नावापुढे अनुसूचित जमाती की इतर वननिवासी एवढं लिहायला सांगतो. प्रत्येकाचा जातीचा दाखला तो मागत नाही. वनविभागाने जंगलाच्या तुकड्याला दिलेल्या कक्ष क्रमांकाचंही तसंच: ‘असल्यास आणि माहीत असल्यास’ लिहा, असं फॉर्मवरच आहे. तो रकाना कोरा म्हणून फाईल परत करणं चुकीचं आहे.

पुरावे एकापेक्षा जास्त हवेत, पण ते सगळे सरकारी असण्याची गरज नाही. दंडाची पावती किंवा उपग्रहाचा फोटो नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही. अमुकच कागद हवा असा हट्ट दावा तपासणाऱ्या प्रांतांच्या किंवा जिल्ह्याच्या समितीला धरता येत नाही, हे नियम १२-क मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. देवराई, मसणवट, जुना पाणवठा, कंद काढायची जागा, गुरं चारायची माळ हे सगळे पुरावे आहेत. म्हाताऱ्यांचा जबाब घ्या, पण ‘आम्ही पूर्वापार राहतो’ असा साचेबंद नको. कुठल्या ओहोळात खेकडे धरायचो, मोह कुठल्या टेपावरचा, वाघोबाचा दगड कुठे, शेजारच्या गावाची शीव कुठल्या नाल्याला लागते, असं लिहा. तोच जबाब समोर ठेवून हाताने नकाशा काढा, प्रत्येक खुणेला नाव द्या. शेजारच्या गावाशी हद्दीवरून वाद असेल तर दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी (ग्रामसभेने दाव्यांच्या कामासाठी निवडलेल्या) एकत्र बसून तो आधी मिटवावा.

ग्रामसभा पाड्याची घ्या. अनेक गावांच्या ग्रुप ग्रामपंचायतीच्या सभेत पाड्याचा आवाज बुडतो. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाड-भिवंडीचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, तिथे पेसाच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) २०१४ च्या नियमांनी पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येतं. सभेला निम्मे सदस्य हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात, आणि दाव्यांचा ठराव असेल तर निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी हवेत. म्हणून कळकळीने सांगतो, ही सभा माणसं भट्टीवर जायच्या आधी घ्या. जानेवारीत घेतलेल्या सभेची गणपूर्ती होत नाही आणि ठराव तिथेच पडतो.

स्थळपाहणीची लेखी सूचना वन आणि महसूल विभागाला द्या, पोच घ्या. ते आले नाहीत आणि नंतर त्याच कारणाने हरकत घेतली, तर पाहणी पुन्हा होते. दुसऱ्यांदाही गैरहजर राहिले तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. अभयारण्यात हक्क मिळत नाही असं तानसा परिसरात सर्रास ऐकवलं जातं. कायद्यात अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानंही येतात.

ठराव झाला की फाईल प्रांतांच्या (उपविभागीय अधिकाऱ्यांच्या) समितीकडे जाते: शहापूरची असेल तर भिवंडी प्रांतांकडे, मुरबाडची असेल तर कल्याण प्रांतांकडे. पूर्ण संचाची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.

दावा अपूर्ण वाटला तर समितीने तो ग्रामसभेकडे फेरविचाराला पाठवायचा असतो, परस्पर फेटाळायचा नसतो. फेटाळलाच तर कारणांसह लेखी आदेश मागा. तोंडी नकारावर अपील होत नाही, आणि तोंडी नकार घेऊन घरी बसलेले पाडे खूप आहेत. प्रांतांच्या समितीविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे ६० दिवसांत जाता येतं. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना २०२० पासून त्याच्याही वर, विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपील आहे. आपल्यासाठी ते बेलापूरचं कोकण भवन.

हक्कपत्र आलं की ग्रामसभेने जंगल सांभाळणारी समिती लगेच नेमावी. शहापूरच्या कातकरी गटांनी वनधन केंद्रातून (वनोपज विकण्यासाठीच्या सरकारी योजनेतलं केंद्र) गुळवेल विकून दाखवली आहे. अशा मालाचा वाहतूक परवाना २०१२ च्या नियमांनुसार हीच समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देऊ शकते. असं कोणीच नेमलेलं नसेल तर भरलेला टेम्पो वनविभागाच्या नाक्यावर अडतो.