एकच नकाशा, तीन संगणक: जीपीएसच्या फाइली नेमक्या कुठे अडतात

जीपीएसचे उपग्रह नकाशा पाठवत नाहीत. ते पाठवतात फक्त वेळ आणि स्वतःच्या कक्षेचा तपशील. त्यावरून यंत्र आपले अक्षांश-रेखांश काढते. रस्ते, नद्या, गावांची नावे हे सगळे आधीच भरून ठेवलेल्या फाइलमध्ये असते. ही फाइल विंडोजवर चालते, मॅकवर दिसतच नाही, लिनक्सवर उघडते पण हातातल्या यंत्रावर नावे उमटत नाहीत, असे अनुभव सर्रास येतात. अशा वेळी नकाशातली माहिती बहुधा धड असते. अडचण असते ती फाइलच्या बांधणीत, कार्डात, लिपीत किंवा आकडे लिहिण्याच्या रीतीत.

गार्मिन कंपनीच्या जीपीएस यंत्रांवर चालणारी आयएमजी फाइल हे चांगले उदाहरण. या एका फाइलच्या पोटात लहान लहान उपफाइली असतात: एकीत रेषा आणि आकार, दुसरीत नावे, तिसरीत रस्त्यांची जोडणी. या रचनेत ३६० अंशांचे १,६७,७७,२१६ भाग पाडलेले असतात, म्हणजे २ चा २४ वा घात. विषुववृत्तावर असा एक भाग सुमारे २.४ मीटरचा. खूप जवळून पाहिल्यावर वळणे किंचित खडबडीत दिसतात ती यामुळे. पण ही रचना संगणक कोणता आहे यावर मुळीच अवलंबून नाही.

मग मॅकवर नकाशा का दिसत नाही? जुन्या पद्धतीत विंडोजवर नकाशाचे तुकडे डिस्कवर कुठेही ठेवले जात आणि त्यांचा पत्ता विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या अंतर्गत नोंदवहीत, लिहिला जाई. नुसता फोल्डर उचलून मॅकवर नेला तर हा पत्ता मागेच राहतो. नंतर आलेल्या 'जीमॅप' फोल्डरमध्ये नकाशाची ओळख सांगणारी फाइल सोबतच असते. त्यामुळे तोच फोल्डर विंडोज आणि मॅक दोन्हींवरच्या बेसकॅम्पला, म्हणजे गार्मिनच्या नकाशा-प्रोग्रॅमला, चालतो. बेसकॅम्प लिनक्ससाठी निघालेले नाही. तिथे क्यूमॅपशॅक हे नकाशे पाहण्याचे सॉफ्टवेअर वापरावे, कुलूपबंद नसलेल्या आयएमजी फाइली ते थेट वाचते. विकत घेतलेला नकाशा विशिष्ट यंत्राच्या क्रमांकाला बांधलेला असेल, तर मात्र फाइलचा प्रकार बदलून काही साधत नाही.

आमचा ठाम सल्ला असा की तयार आयएमजी इकडून तिकडे हलवत बसण्यापेक्षा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाची मूळ माहिती जपून ठेवावी आणि नकाशा हवा तेव्हा नव्याने बांधावा. यासाठीची स्प्लिटर आणि एमकेजीमॅप ही दोन्ही साधने जावा या कोणत्याही संगणकावर बसवता येणाऱ्या मंचावर चालतात, त्यामुळे तिन्ही प्रणालींवर कृती एकच. हव्या त्या प्रदेशाची पीबीएफ फाइल (ओपनस्ट्रीटमॅपची माहिती आवळून ठेवलेली फाइल) उतरवावी आणि ती स्प्लिटरला द्यावी. तो तिचे तुकडे करतो आणि एमकेजीमॅप त्या तुकड्यांपासून आयएमजी नकाशा बांधते. एका तुकड्यात जास्तीत जास्त किती बिंदू घ्यायचे हे ठरवता येते, काही सांगितले नाही तर ही मर्यादा १६ लाख असते. 'तुकडा फार मोठा आहे' अशी तक्रार पुढे एमकेजीमॅपने केली, तर मर्यादा १० लाखांवर आणून पुन्हा तुकडे करावेत. मोठ्या देशाच्या फाइलला जावाची स्मृती अपुरी पडते. ती आज्ञेतच ४ जीबी किंवा अधिक द्यावी. प्रत्येक तुकड्याला आठ अंकी क्रमांक मिळतो. दोन वेगळ्या नकाशांत तेच क्रमांक आले की यंत्रावर त्यांतला एक गायब होतो. म्हणून प्रत्येक नकाशासाठी क्रमांकांची सुरुवात आणि कुटुंब-क्रमांक (संपूर्ण नकाशाची ओळख सांगणारा क्रमांक) वेगळा ठेवावा.

यंत्राच्या मेमरी कार्डावर 'गार्मिन' नावाच्या फोल्डरमध्ये बांधून झालेली आयएमजी फाइल जाते. जुनी यंत्रे 'जीमॅपसप' हे एकच नाव ओळखतात. कार्ड फॅट३२ या फाइली साठवण्याच्या पद्धतीचे असावे. या पद्धतीत ४ जीबीएवढी किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही, तेव्हा मोठा नकाशा दोन भागांत बांधावा लागतो. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डे एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत येतात आणि बरीच जुनी यंत्रे ती वाचत नाहीत. मॅकवरून नकाशा कॉपी केला की त्याच नावाची, पण सुरुवातीला टिंब आणि अधोरेघ असलेली एक लपलेली फाइल कार्डावर पडते. काही यंत्रे तिलाही नकाशा समजून अडखळतात, तेव्हा ती काढून टाकावी. नवी यंत्रे बऱ्याचदा एमटीपी पद्धतीने जोडली जातात, म्हणजे साध्या डिस्कसारखी दिसत नाहीत. विंडोज त्यांना ओळखते, मॅकला त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागतो.

नावांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसत असतील तर कोड पेज, म्हणजे फाइलमधल्या अक्षरांचा संकेत-तक्ता, तपासावे. १२५२ या कोड पेजमध्ये पश्चिम युरोपातली अक्षरे आहेत, देवनागरी नाही. ६५००१ म्हणजे युनिकोड, त्यात देवनागरीही येते. पण गार्मिनच्या कित्येक नव्या यंत्रांवर घरी बांधलेला युनिकोड नकाशा 'प्रमाणित नाही' म्हणून नाकारला जातो, आणि स्वीकारला गेला तरी यंत्रात त्या लिपीचा फॉन्ट असावा लागतो. तेव्हा नावे रोमन लिपीत आणणे हाच भरवशाचा मार्ग उरतो.

मार्ग आणि खुणांच्या बाबतीत चुका आकड्यांत होतात. मार्ग आणि खुणा साठवणाऱ्या जीपीएक्स फाइलमध्ये अक्षांश आणि रेखांश नावानिशी लिहिलेले असतात, म्हणून गोंधळ कमी. केएमएल आणि जिओजेसन या प्रकारच्या फाइली रेखांश आधी लिहितात. क्रम उलटला की बिंदू भलत्याच खंडात जातो. यंत्रातून थेट येणाऱ्या एनएमईए (स्थान कळवण्याची ठरलेली पद्धत) ओळींत ४७३०.००० म्हणजे ४७ अंश ३० मिनिटे, दशांशात ४७.५. ते ४७.३० असे वाचले तर चूक ०.२ अंशाची, जमिनीवर सुमारे २२ किलोमीटरची. ही रूपांतरे जीपीएसबेबल हे सॉफ्टवेअर तिन्ही प्रणालींवर बिनचूक करते.

कार्ड काढण्याआधी ते संगणकावरून रीतसर 'इजेक्ट' करावे, नाहीतर फाइल अर्धवट लिहिली जाते. यंत्रावर रस्ते दिसतात पण मार्ग निघत नाही, असे झाले तर नकाशा बांधताना एमकेजीमॅपला 'रूट' हा पर्याय दिलेला नसतो. तो नसेल तर रस्ते नुसत्या रेषा राहतात, कुठून कुठे वळता येते हे यंत्राला कळत नाही. पत्त्यावरून शोध हवा असेल तर 'इंडेक्स' हा पर्यायही लागतो, आणि दोन्हींसाठी नकाशा पुन्हा बांधावा लागतो.