घरून ऑनलाइन विक्री: नाशिकमध्ये कोणती नोंदणी आधी, कोणती नंतर

घरगुती मसाले, पापड, बेदाणे, हाताने शिवलेल्या पर्स, साबण असं काही ऑनलाइन विकायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "आधी कुठला कागद काढू?" पाठोपाठ कुणीतरी काही हजारांचं पॅकेज सांगतं. उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), शॉप अ‍ॅक्ट, फूड लायसन्स, जीएसटी, सगळं एकदम. यातल्या उद्यम आणि जीएसटी नोंदणीला सरकार एक रुपयाही घेत नाही. अन्नपदार्थांच्या छोट्या नोंदणीचं शुल्क वर्षाला १०० रुपये आहे. आणि बऱ्याच जणांना जीएसटी सुरुवातीला लागतच नाही. ते पैसे राखून ठेवा. पाकिटं, लेबलं, नमुने आणि कुरिअर यांना पहिल्या महिन्यांत तेच लागतात.

कोणता कागद लागेल हे दोन गोष्टींवर ठरतं: तुम्ही काय विकताय आणि पार्सल कुठपर्यंत जाणार आहे. या दोन्हींची उत्तरं वहीत लिहा आणि मगच संगणकासमोर बसा.

उद्यम नोंदणी

सुरुवात इथून करा. १ जुलै २०२० पासून जुन्या उद्योग आधारच्या जागी ही नोंदणी आली. अठरा वर्षं पूर्ण झालेली, स्वतःचा व्यवसाय करणारी कुणीही व्यक्ती ती करू शकते. दुकान किंवा गाळा असण्याची गरज नाही, घरचा पत्ता चालतो. आधार क्रमांक, पॅन आणि बँक खात्याचा तपशील एवढं हाताशी हवं. कुठलाही कागद अपलोड करावा लागत नाही, सगळं स्वयंघोषणेवर चालतं. आधारला जोडलेला मोबाइल मात्र जवळ हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. नंबर बदलला असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तो बदलून घ्या.

गुगलवर शोधताना जपा. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी खासगी पानं वर येतात आणि शेवटी पैसे मागतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का बघा. पैसे मागितले की पान बंद करा.

अर्ज सगळ्यात जास्त अडतो तो नावावर. लग्न झालेल्या बऱ्याच बायकांचं पॅन माहेरच्या आडनावाचं असतं आणि आधार सासरच्या. दोन्ही नावं जुळली नाहीत की पॅन पडताळणी पुढे सरकत नाही. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला जोडून पॅनवरचं नाव दुरुस्त करून घ्या. शंभर रुपयांच्या आसपास खर्च येतो आणि थोडा वेळ जातो, पण हेच नाव पुढे बँकेत, जीएसटीत आणि कर्जाच्या अर्जात लागणार असतं. म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

फॉर्ममध्ये व्यवसायाचा कोड निवडावा लागतो आणि बहुतेक जण तिथे घाई करतात. तुम्ही मसाले दळत असाल तर कोड १०७९५, पापड लाटत असाल तर १०७९६. दुसऱ्याचा माल घेऊन इंटरनेटवर किरकोळ विकत असाल तर ४७९१ च्या गटातला. हा फरक महत्त्वाचा आहे. २ जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम मिळतं, पण त्यांना लाभ मिळतो तो फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या (बँकांनी प्राधान्याने द्यायच्या) कर्जापुरता. उत्पादक किंवा सेवा देणाऱ्याला त्यापलीकडेही संरक्षण आहे. तुमचा माल घेणाऱ्या दुकानदाराने ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याखाली तक्रार करता येते. स्वतः बनवत असाल तर उत्पादनाचाच कोड टाका. शेवटी जिल्हा उद्योग केंद्र विचारतात, तिथे नाशिक निवडा. प्रमाणपत्र ईमेलवर येतं आणि त्याचं नूतनीकरण करावं लागत नाही.

१ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणुकीत अडीच कोटी आणि उलाढालीत १० कोटी आहे. घरगुती व्यवसाय सूक्ष्ममध्येच बसतो, त्यामुळे या आकड्यांची काळजी नको.

खायचं विकत असाल तर

चिवडा, लोणचं, मसाला, बेदाणे, केक यांपैकी काहीही विकत असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी पहिल्या पार्सलच्या आधी हवी. विक्री फक्त सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होत असली तरी ती लागते. अर्ज 'फॉसकॉस' या पोर्टलवर होतो. आपल्याकडे तो अन्न व औषध प्रशासन तपासतं. छोट्या उत्पादकासाठी नोंदणी आणि मोठ्यासाठी परवाना अशी विभागणी आहे. २०११ च्या मूळ नियमांत नोंदणीची मर्यादा वर्षाला १२ लाखांच्या उलाढालीची होती. अर्ज भरताना पोर्टलवर जी मर्यादा दिसेल ती धरा.

कागद थोडेच लागतात: पासपोर्ट फोटो, ओळखपत्र आणि जिथे पदार्थ बनतो त्या जागेचा पुरावा. लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं साध्या कागदावर सहीचं संमतीपत्र जोडा. भाड्याचं घर असेल तर भाडेकरार द्या. अर्ज आल्यापासून सात दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची, कारण सांगून नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची, असा नियम आहे. तपासणीला कुणी आलं तर घाबरू नका. ओटा, पाणी, झाकलेली कचरापेटी आणि कच्चा माल जमिनीपासून वर ठेवलेला आहे ना, हे ते बघतात.

मिळालेला १४ अंकी क्रमांक पाकिटावर आणि बिलावर छापायचा. लेबल म्हणजे सजावट नाही, तो कायद्याचा कागद आहे. समजा, तुम्ही २०० ग्रॅम गोडा मसाला विकताय. पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक (सगळ्यात जास्त असलेला आधी), शाकाहाराचं हिरवं चिन्ह, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचा ती तारीख, बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता हे हवं. शिवाय वैधमापन शास्त्राच्या (वजन-मापांच्या) २०११ च्या नियमांप्रमाणे सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, एका ग्रॅमची किंमत आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल. पाकीटबंद माल विकायला लागल्यापासून ९० दिवसांत पॅकर म्हणून नोंदणीचा अर्जही करायचा असतो, त्याचं शुल्क ५०० रुपये. बिनअन्नाच्या पाकीटबंद वस्तूंनाही हे लागू आहे. ही नोंदणी एजंटच्या पॅकेजमध्ये सहसा नसते आणि विक्रेत्याला तिची माहितीच नसते.

शॉप अ‍ॅक्ट आणि चालू खातं

२०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे थोडेच कामगार असतील (मूळ कायद्यात दहापेक्षा कमी) तर परवाना काढायचा नसतो. व्यवसाय सुरू झाल्यापासून ६० दिवसांत फक्त ऑनलाइन सूचना द्यायची, त्याची पावती मिळते. बोलीभाषेत यालाही गुमास्ता म्हणतात. आधार, पॅन, जागेचा पुरावा आणि मराठी पाटीसह जागेचा फोटो तयार ठेवा.

ही पावती कामी येते ती बँकेत. एकट्याच्या मालकीच्या व्यवसायाचं चालू खातं उघडताना बँक साधारणपणे व्यवसायाचे दोन पुरावे मागते. उद्यम प्रमाणपत्र आणि ही पावती दिली की दोन पुरावे पूर्ण होतात. व्यवसायाच्या नावाने क्यूआर कोड मिळाला की गिऱ्हाइकाला पैसे पाठवताना तुमच्या व्यवसायाचं नाव दिसतं. अनोळखी माणूस पहिल्यांदा पैसे पाठवतो तेव्हा त्या नावाने त्याचा भरवसा बसतो.

जीएसटी: सुरतेचं पार्सल आणि नागपूरचं पार्सल

हा भाग सावकाश वाचा, कारण नाशिककरांना इथेच फटका बसतो. फक्त वस्तू विकणाऱ्याची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला ४० लाख आहे, सेवा देणाऱ्याची २० लाख. ती ओलांडेपर्यंत नोंदणी लागत नाही. पण करपात्र वस्तू राज्याबाहेर पाठवायची असेल तर पहिल्या पार्सलपासून नोंदणी लागते, उलाढाल कितीही लहान असो. नाशिकहून सुरत नागपूरपेक्षा कितीतरी जवळ. तरीही नागपूरला पार्सल बिनधास्त पाठवता येतं आणि पेठमार्गे गुजरातेत गेलेल्या पार्सलला जीएसटी क्रमांक हवा. दिल्लीच्या आत्याने किंवा बंगळुरूच्या मैत्रिणीने ऑर्डर दिली तरी नियम तोच.

हस्तकलेला एक सवलत आहे. अधिसूचनेच्या यादीत असलेल्या, मुख्यतः हाताने बनवलेल्या वस्तू २० लाखांच्या मर्यादेत असाल तर नोंदणीशिवाय राज्याबाहेर पाठवता येतात. मात्र पॅन हवं आणि ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) काढावं लागतं. तुमची वस्तू यादीत आहे का, हे तिच्या एचएसएन कोडवरून (करासाठी वस्तूच्या प्रकाराला दिलेल्या क्रमांकावरून) तपासा. सेवा, म्हणजे ऑनलाइन शिकवणी, डिझाइन, भाषांतर, २० लाखांपर्यंत राज्याबाहेर देता येते.

मीशोसारख्या प्लॅटफॉर्मवर विकायचं असेल तर पूर्वी जीएसटीशिवाय दारच उघडत नव्हतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालच्या वस्तू विक्रेत्याला जीएसटी पोर्टलवर पॅन आणि पत्ता देऊन नुसता नावनोंदणी क्रमांक घेता येतो. त्यावर महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकता येतं. हा क्रमांक एकाच राज्यासाठी मिळतो. नवख्या माणसासाठी माझ्या मते हाच उत्तम रस्ता आहे: मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर एवढी बाजारपेठ पहिल्या वर्षाला पुरून उरते.

तरीही पूर्ण नोंदणी घ्यायची असेल तर पॅन, आधार, फोटो, बँकेचा पुरावा, लाइट बिल आणि जागा दुसऱ्याची असेल तर संमतीपत्र किंवा भाडेकरार लागतो. जीएसटी खात्याने शंका काढली तर सात कामकाजाच्या दिवसांत ऑनलाइन उत्तर द्यायचं असतं, त्यामुळे ईमेल रोज बघा. एकदा क्रमांक मिळाला की एक रुपयाची विक्री नसतानाही विवरणपत्र भरावंच लागतं. निरंक विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, विक्री असेल तर ५० रुपये विलंब शुल्क. त्यात वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कराची भर पडते. गरज नसताना घेतलेला जीएसटी क्रमांक असा खिशाला भोक पाडतो.

भांडवल हवं असेल तर

मुद्रा कर्जाच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत तारण न ठेवता कर्ज मिळतं. ओव्हन, पिठाची छोटी गिरणी किंवा शिलाई मशीन घ्यायला शिशु पुरतं. उद्यम प्रमाणपत्र, यंत्राचं कोटेशन, बँकेचं स्टेटमेंट आणि ओळखीचे पुरावे घेऊन तुमचं खातं आहे त्याच शाखेत जा. अनुदानाच्या योजनांसाठी सातपूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा आणि कोणती योजना सध्या अर्ज घेते ते तिथेच विचारा. केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम मुख्यतः नव्या उद्योगासाठी आहे. अनुदान घ्यायचा विचार असेल तर धंदा सुरू करण्याआधीच तिथे जाऊन या.

फुकटातली जाहिरात, तिलाही कागद लागतात

गुगल नकाशावर व्यवसाय दाखवायला पैसे पडत नाहीत, पण निव्वळ ऑनलाइन व्यवसाय तिथे चालत नाही. गिऱ्हाईक प्रत्यक्ष भेटायला हवं. तुम्ही घरून पार्सल नेऊ देत असाल किंवा सिडको-इंदिरानगरात स्वतः पोचवत असाल तर पात्र आहात. घरचा पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवता येतो. पडताळणी बहुतेकदा व्हिडिओने होते. रस्ता, इमारत, दारावरची पाटी, आत काम चालू असलेला ओटा, पॅकिंगचं सामान असं सगळं एकाच सलग चित्रीकरणात घ्या. शॉप अ‍ॅक्टसाठी केलेली पाटी इथे पुन्हा उपयोगी पडते.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस मोफत आहे. कॅटलॉगमध्ये प्रत्येक वस्तूचं वजन, किंमत आणि नाशिकमधला पोचवण्याचा खर्च स्पष्ट लिहा. 'किमतीसाठी मेसेज करा' असं लिहिलं की निम्मे लोक विचारतच नाहीत. ब्रॉडकास्ट मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. म्हणून पार्सलमध्ये नंबरची चिठ्ठी ठेवा आणि सेव्ह करायला सांगा. फोटो सकाळी खिडकीजवळच्या उजेडात काढा, फ्लॅश नको. गोडा मसाल्याचं बंद पाकीट दाखवण्यापेक्षा वाटीत ओतलेला, दगडफूल आणि खोबऱ्याचा रंग दिसणारा मसाला दाखवा. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात बाहेरची गर्दी येणार आहे. नकाशावरची नोंद आणि तिच्यावरचे खरे अभिप्राय आतापासून जमवायला लागा.

स्वतःची वेबसाइट काढलीत तर २०२० चे ई-कॉमर्स नियम पाळा. नाव, पत्ता, परतफेडीचं धोरण आणि तक्रार कुणाकडे करायची हे पानावर दिसलं पाहिजे. तक्रार आल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात.

नाव आणि लोगो रुळल्यावर ट्रेडमार्कचा अर्ज करा. ऑनलाइन अर्जाला एका व्यक्तीसाठी दर वर्गामागे (मालाच्या प्रकारानुसार केलेल्या गटामागे) ४,५०० रुपये आणि नोंदणी दहा वर्षं टिकते. अर्जाआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर तेच नाव आधी कुणी घेतलंय का ते मोफत शोधता येतं. पाकिटं छापायच्या आधी हा शोध घ्या. मसाले ३० व्या वर्गात येतात, बेदाणे २९ व्या. दोन्ही एकाच नावाने विकणार असाल तर दोन वर्गांचे ९,००० रुपये धरून चला.