हरवलेलं पाकीट आणि आपला चुकलेला अंदाज

हॉटेलच्या काउंटरवर एक माणूस घाईघाईने येतो. हातात पारदर्शक प्लास्टिकचं छोटं पाकीट. "हे मला इथे कोपऱ्यावर सापडलं, कुणाचं तरी पडलं असणार. मी घाईत आहे, जरा बघाल का?" एवढं बोलून तो निघून जातो. पाकिटात एक किल्ली असते, वाणसामानाची यादी असते आणि मालकाचं नाव नि ईमेल छापलेली एकसारखी तीन व्हिजिटिंग कार्डं असतात. काही पाकिटांत थोडे पैसेही असतात, काहींत नसतात.

अर्थशास्त्रज्ञ अलेन कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 40 देशांतल्या 355 शहरांत अशी 17,000 हून अधिक पाकिटं बँका, पोस्ट ऑफिसं, हॉटेलं, नाट्यगृहं आणि सरकारी कचेऱ्यांच्या काउंटरवर नेऊन दिली. त्यात भारतातली शहरंही होती. मग मालकाला ईमेल येते का, याची वाट पाहिली. 2019 मध्ये हा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पुढे वाचण्याआधी आपला अंदाज बांधून पाहा. पैसे असलेली पाकिटं जास्त परत येतील की पैसे नसलेली?

हा प्रश्न सर्वसामान्य लोकांना विचारला तेव्हा बहुतेकांना वाटलं, पैसे जितके जास्त तितका मोह जास्त, म्हणजे परत येणारी पाकिटं कमी. अर्थशास्त्राच्या तज्ज्ञांनाही ही गोष्ट ओळखता आली नाही. प्रत्यक्षात उलटं घडलं. रिकाम्या पाकिटांपैकी सुमारे 40 टक्के पाकिटांसाठी मालकाशी संपर्क झाला, पैसे असलेल्यांपैकी 51 टक्के. 40 पैकी 38 देशांत कल हाच होता. अमेरिका, ब्रिटन आणि पोलंडमध्ये रक्कम सातपट करून पाहिली, तर प्रमाण आणखी वाढून 72 टक्क्यांवर गेलं.

यातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला तपशील त्या किल्लीचा आहे. पैसे कुणालाही उपयोगी पडतात, पण परक्याच्या घराची किल्ली काउंटरमागच्या माणसाच्या काय कामाची? ती फक्त मालकालाच हवी असते. म्हणून संशोधकांनी काही पाकिटांत पैसे ठेवले पण किल्ली ठेवली नाही. ती पाकिटं कमी परत आली. म्हणजे काउंटरमागच्या कितीतरी अनोळखी माणसांच्या मनात दुसऱ्या एका अनोळखी माणसाची अडचण आली होती: बिचारा दाराबाहेर उभा असेल. याच्या जोडीला आणखी एक कारण संशोधकांना दिसलं. पैसे जितके जास्त, तितकं ते ठेवून घेणं स्वतःलाच चोरी वाटू लागतं, आणि स्वतःच्या नजरेत चोर ठरायला माणूस तयार नसतो.

मग आपला अंदाज इतका का चुकतो? जर्मनीतले डेटलेफ फेचेनहाउअर आणि अमेरिकेतले डेव्हिड डनिंग या मानसशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये याचं दिलेलं उत्तर मला फार पटतं. त्यांच्या प्रयोगात एक खेळ होता. तुम्ही आपले पैसे एका अनोळखी माणसाला दिलेत तर ते चौपट होतात. तो त्यातले निम्मे तुम्हाला परत करू शकतो किंवा सगळे खिशात घालू शकतो. दहातली साधारण आठ माणसं निम्मे परत करणारी होती. लोकांचा अंदाज मात्र पाचाच्या आसपासच घुटमळत होता.

गोम अशी आहे. मी कुणावर विश्वास टाकला आणि त्याने फसवलं, तर मला ते लगेच कळतं आणि जन्मभर लक्षात राहतं. पण मी विश्वासच टाकला नाही, तर समोरचा माणूस चांगला होता हे मला कधीच कळत नाही. पहिली चूक ठेच देऊन जाते. दुसरीचा पत्ताही लागत नाही. अशी वर्षं गेली की संशय आपोआप पक्का होतो आणि आपण त्याला 'अनुभव' म्हणू लागतो. याच प्रयोगात काही जणांना प्रत्येक वेळी, म्हणजे विश्वास टाकला नाही तेव्हाही, समोरच्याने काय केलं असतं हे सांगितलं गेलं. त्यांचा अंदाज हळूहळू सुधारला. कुणी त्यांना आशावादावर प्रवचन दिलं नव्हतं. फक्त पुरती माहिती मिळाली होती.

चांगुलपणा मोजणाऱ्यांच्या नजरेतूनही निसटतो. पाकिटांच्या अभ्यासात चीन अगदी तळाशी होता. चिनी संशोधकांना ते खटकलं. त्यांनी आपल्या देशात तो प्रयोग पुन्हा केला आणि 2023 मध्ये निष्कर्ष मांडले. ईमेल या वेळीही कमीच आल्या. पण पाकीट जपून ठेवलं आहे का, हे पाहिलं तेव्हा तीन चतुर्थांशांहून अधिक पाकिटं सुखरूप निघाली! मालक येईल, म्हणून लोकांनी ती सांभाळून ठेवली होती. आपल्याकडेही कुणी विसरलेली वस्तू दुकानदार गल्ल्याशेजारी काढून ठेवतो, ईमेल लिहीत बसत नाही.

याचा अर्थ कुणालाही ओटीपी सांगावा असा मुळीच नाही. जिथे एका चुकीत आयुष्याची पुंजी जाऊ शकते, तिथे संशयच शहाणपणाचा. मी बोलतोय ते रोजच्या लहान व्यवहारांबद्दल, जिथे फसलो तर दहा-वीस रुपये किंवा दोन मिनिटं जातात. आशावाद निवडणं मला तिथेच शक्य वाटतं. मनाला बजावून मन बदलत नाही, पण पाऊल आधी टाकता येतं. शिकागोत निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर या मानसशास्त्रज्ञांनी ट्रेनच्या प्रवाशांना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं. बोलण्याने प्रवास कमी आनंदाचा होईल, असा इतर प्रवाशांचा अंदाज होता. जे खरंच बोलले, त्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा आनंदात गेला.

आमच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या मावशी सुट्टे नसले की कुणालाही म्हणतात, "राहू दे, उद्या द्या." नाव लिहून घेत नाहीत, नंबर मागत नाहीत. फेचेनहाउअर आणि डनिंग यांनी मुद्दाम घडवून आणलेली गोष्ट त्या रोज करतात: विश्वास टाकतात आणि काय होतं ते पाहतात. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी त्यांना विचारलं, किती जण बुडवतात? त्यांनी मेथीची जुडी बांधता बांधता थोडा विचार केला. "गेल्या पावसाळ्यात एक होता," त्या म्हणाल्या, "तोही परगावी गेला असेल."