श्रद्धेतला कोरडेपणा आणि नैराश्याचा आजार

सांगली-मिरजेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, एखादी बाई गीतपुस्तक उघडून उभी असते, पण तिचे ओठ हलत नाहीत, तेव्हा तिचा विश्वास थंडावला असे कुणीतरी हमखास म्हणते. मोठ्याने गाणे, गुडघे टेकणे, उठून देवाच्या अनुभवाची साक्ष देणे यांवरूनच आपण श्रद्धा जोखतो आणि त्यामुळे दोन वेगळ्या अवस्था दुरून सारख्याच दिसतात.

पहिली कोरडेपणाची. स्पॅनिश संत क्रूसाचे योहान (१५४२–१५९१) यांनी तिच्या खुणा सांगितल्या आहेत : प्रार्थनेत गोडी उरत नाही, इतर कशातही ती सापडत नाही, पूर्वीसारखे मनन जमत नाही, तरी आपण देवाची सेवा नीट करत नाही ही तळमळ कायम असते. खिन्नतेच्या विकाराचा विचार त्यांनी त्याच ओघात वेगळा केला आणि दोन्ही एकाच माणसात असू शकतात हेही मान्य केले. सोळाव्या शतकातल्या संताला जे दिसले ते आजही काही पाळक (मंडळीचे धर्मगुरू) नाकारतात, याचे मला फार वाईट वाटते.

दुसरी अवस्था नैराश्याची. ते शरीरात उतरते. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसभर, मन खिन्न असते किंवा कशातच रस वाटत नाही. सोबत पहाटे तीनलाच जाग येते, भाकरी घशाखाली उतरत नाही, चालणे-बोलणे मंदावते, मरणाचे विचार येतात. अनेकांना सकाळी त्रास सर्वांत जास्त होतो आणि संध्याकाळी थोडे हलके वाटते. नेमकी रविवारची उपासना सकाळी असते, आणि गैरहजेरीचा अर्थ भलताच लावला जातो. कोरडेपणातला माणूस सहसा जेवतो, झोपतो, दुसऱ्याच्या अडचणीला धावून जातो. नैराश्यातली अपराधी भावना मात्र पापकबुलीनेही उतरत नाही. तीच बाई तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करत राहते.

म्हणून पाळकाने आधी झोप, भूक आणि जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. बायबलमध्ये मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले. थायरॉइड मंदावल्यानेही अशीच मरगळ येते, तेव्हा डॉक्टरांची तपासणी हवीच. ज्या मिरजेत १८९४ साली मिशनचे वॉनलेस रुग्णालय उभे राहिले, तिथे औषध घेणे अविश्वासाचे लक्षण मानू नये. तातडीच्या वेळी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

खरा धोका व्यासपीठावर असतो. प्रार्थनासभेत ‘मी बरा झालो’ अशी साक्ष दिली की घरी गोळ्या बंद होतात, आणि नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला तर काही आठवडे लागतात. लिथियम हे मनाच्या आजारावरचे औषध घेणाऱ्याने उपवासकाळात पाणी सोडले तर रक्तातले औषध विषारी पातळीला जाऊ शकते. अशा माणसाला उपवासातून सूट आहे हे पाळकाने त्याला आधीच, एकांतात सांगावे.