भूपट्ट बुडतो, वितळतं भलतंच

समुद्राखालचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचा अवाढव्य तुकडा, दुसऱ्या भूपट्टाखाली शिरतो, खोल जाऊन वितळतो आणि तोच रस ज्वालामुखीतून बाहेर पडतो, असं बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. प्रत्यक्षात असं क्वचितच घडतं.

बुडणारा भूपट्ट मुळात थंड असतो. कोट्यवधी वर्षं समुद्रतळाशी निवत आलेला हा खडक वर्षाला काही सेंटिमीटर वेगाने खाली जातो. खडकात उष्णता फार सावकाश शिरते, त्यामुळे १०० किलोमीटर खोलीवरही तो भोवतालच्या प्रावरणापेक्षा (कवचाखालच्या जाड खडकाळ थरापेक्षा) थंडच राहतो. मात्र तो सोबत पाणी नेतो. हे पाणी सर्पेंटाइन, अँफिबोल अशा खनिजांच्या स्फटिकांतच बांधलेलं असतं. दाब आणि तापमान वाढलं की ही खनिजं मोडतात आणि सुटलेलं पाणी भूपट्टाच्या वर असलेल्या प्रावरणात शिरतं. तिथला कोरडा खडक वितळायला १४०० अंश सेल्सिअसहून जास्त तापमान लागतं. पाणी मिळताच तो कित्येकशे अंश आधीच वितळू लागतो. मीठ टाकल्यावर बर्फ वितळतो, तसलाच हा प्रकार. अँडीज पर्वतावरून नाव मिळालेला अँडेसाइट खडक याच शिलारसातून घडत जातो. पुढे वर येताना हेच पाणी वाफ होऊन उसळतं. १९९१ साली फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक इतका स्फोटक झाला तो त्यामुळेच.

समुद्रतळाचा गाळ खरोखर इतका खोल जातो, याला बेरिलियम-१० साक्षीदार आहे. वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होणारं हे किरणोत्सारी बेरिलियम पावसाबरोबर समुद्रात उतरून गाळात साठतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षं, म्हणजे दर एवढ्या काळात ते निम्मं उरतं. पृथ्वीच्या पोटात ते मूळचं असण्याची शक्यताच नाही, तरी मध्य अमेरिकेतल्या ताज्या लाव्ह्यात ते सापडतं!

मग भूपट्ट स्वतः कधीच वितळत नाही का? वितळतो, पण तो कोवळा, म्हणजे साधारण अडीच कोटी वर्षांहून कमी वयाचा आणि अजून गरम असेल तर. अशा वितळलेल्या भूपट्टाच्या रसातून घडलेल्या खडकाला १९९० मध्ये डीफँट आणि ड्रमंड या भूवैज्ञानिकांनी अल्युशियन बेटांपैकी अडाकवरून ‘अडाकाइट’ नाव दिलं. त्यात स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य भरपूर आणि इट्रियम फारच कमी असतं, कारण खोलवर न वितळता उरलेलं गार्नेट हे खनिज इट्रियम धरून ठेवतं. स्ट्रॉन्शियम अडवणारं प्लॅजिओक्लेज हे खनिज मात्र तेवढ्या दाबाखाली टिकतच नाही.

पण खडकात हा रासायनिक ठसा दिसला म्हणजे भूपट्टच वितळला, असा निकाल देता येत नाही. तिबेटसारख्या ठिकाणी, जिथे कवच ७० किलोमीटरपर्यंत जाड आहे, तिथे कवचाचा तळ वितळूनही हाच ठसा उमटतो.