आधी अँटेना, मग वॅट: ऑफ-रोड ताफ्यासाठी रेडिओ निवडताना

डांबरी रस्ता सोडून गाड्यांचा ताफा दगडधोंड्यांच्या वाटेला लागला की पुढच्या चालकाला दिसलेली घळ, ओढ्यातल्या पाण्याचा अंदाज किंवा वळणापलीकडून येणारे वाहन यांची खबर मागच्या गाड्यांना तत्काळ मिळावी लागते. मोबाइलला टॉवर हवा असतो आणि अशा वाटांवर तो बहुधा नसतो. दुतर्फा रेडिओ मात्र एका गाडीच्या अँटेनापासून दुसऱ्या गाडीच्या अँटेनापर्यंत थेट पोहोचतो, त्यामुळे या कामासाठी आजही तोच खात्रीचा आहे. अडचण येते ती निवडीत, कारण खरेदी करणाऱ्याची नजर हटकून वॅटच्या आकड्यावर आणि खोक्यावर छापलेल्या किलोमीटरवर जाते.

खोक्यावरचा पल्ला मध्ये काहीही आड येत नाही असे धरून सांगितलेला असतो, उदाहरणार्थ एका शिखरावरून दुसऱ्या शिखराशी बोलताना. गाड्यांच्या बाबतीत पृथ्वीची गोलाईसुद्धा आड येते. जमिनीपासून 2 मीटर उंचीवरच्या अँटेनाचे रेडिओ-क्षितिज, म्हणजे त्याच्या लहरी थेट पोहोचण्याची सीमा, सुमारे 6 किलोमीटरवर असते, म्हणजे अगदी सपाट मैदानातही अशा दोन गाड्यांमध्ये साधारण 12 किलोमीटरनंतर संपर्क झपाट्याने क्षीण होतो. टेकड्या आणि दाट झाडी असेल तर हा पल्ला दोन-तीन किलोमीटरवर, कधी त्याहूनही खाली येतो. शक्ती वाढवून यातून फारशी सुटका होत नाही. सपाट जमिनीलगत मिळणारा संदेश अंतराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात क्षीण होत जातो, त्यामुळे 5 वॅटऐवजी 50 वॅटचा संच बसवला तरी पल्ला पावणेदोन पटींच्या आसपासच वाढतो. याउलट अँटेनाची उंची दुप्पट केली, तर ढोबळ हिशेबाने शक्ती चौपट केल्याइतका लाभ होतो, आणि तोही बॅटरीवर कसलाच भार न टाकता.

म्हणून अँटेना कुठे बसवायचा हा प्रश्न, माझ्या मते, कोणता संच घ्यायचा या प्रश्नाच्या आधी सोडवायला हवा. सर्वांत चांगली जागा टपाच्या मध्यभागी. तिथे उंची मिळतेच, शिवाय खालचा पत्रा अँटेनाचा दुसरा अर्धा भाग म्हणून काम करतो आणि लहरी चारही दिशांना जवळपास सारख्या पसरतात. तोच अँटेना मागच्या बंपरवर लावला, तर गाडीचे धूड त्याच्या आड येते आणि काही दिशांना आवाज स्पष्ट, तर काही दिशांना क्षीण जातो. हातातला वॉकीटॉकी गाडीत बसून वापरला तर धातूचे कवच लहरींचा बराच भाग अडवते. काचेतून सुटतील तेवढ्याच बाहेर जातात. गाडीतून उतरून मागच्याला वाट दाखवणाऱ्याच्या हातात मात्र तोच वॉकीटॉकी फार उपयोगी पडतो, तेव्हा ताफ्यात असा एखादा जोड असावाच.

अँटेनाची लांबी वारंवारतेवर ठरते. 27 मेगाहर्ट्झच्या सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे सर्वसामान्यांसाठी खुल्या) रेडिओची तरंगलांबी सुमारे 11 मीटर असल्याने तिचा पाव भागही पावणेतीन मीटर भरतो. एवढी काठी फांद्यांत अडकते, आणि गुंडाळी घालून आखूड केलेला अँटेना कार्यक्षमता गमावतो. 146 मेगाहर्ट्झजवळच्या हॅम (हौशी) रेडिओला अर्धा मीटर, तर 465 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या संचांना जेमतेम 16 सेंटिमीटर पुरतात. लांब लहरी उंचवट्याला वळसा घालून पलीकडे थोड्या अधिक उतरतात आणि झाडीत कमी शोषल्या जातात, हा सीबीचा खरा गुण. पण बहुतेक सीबी संच एएम पद्धतीने (लहरीची तीव्रता कमीजास्त करून आवाज वाहण्याच्या पद्धतीने) चालत असल्याने इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर आवाजात मिसळते, आणि सूर्य सक्रिय असताना आयनावरणावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतलेले शेकडो किलोमीटर दूरचे बोलणेही मध्येच घुसते. एफएमवर (लहरीची वारंवारता बदलून आवाज वाहणाऱ्या पद्धतीवर) चालणाऱ्या उच्च वारंवारतेच्या संचांत हा त्रास फारच कमी असतो, आणि चालत्या गाडीत शब्द नीट कळणे हे दोन किलोमीटर जास्त पल्ल्यापेक्षा मोलाचे आहे.

नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेत सीबीला परवाना लागत नाही आणि एएमवर 4 वॅटची मर्यादा आहे; तिथल्या जीएमआरएस या दुतर्फा रेडिओच्या दुसऱ्या सेवेत काही चॅनलांवर 50 वॅटपर्यंत मुभा आहे, पण परवाना काढावा लागतो, परीक्षा मात्र नसते. ऑस्ट्रेलियात 477 मेगाहर्ट्झचा यूएचएफ (अति उच्च वारंवारतेचा) सीबी 5 वॅटवर चालतो. युरोपातल्या 446 मेगाहर्ट्झच्या संचांना अर्ध्या वॅटची मर्यादा आहे आणि त्यांचा अँटेना बदलता येत नाही, त्यामुळे टपावर अँटेना नेण्याची सोयच उरत नाही. हॅमसाठी जवळपास सगळीकडे परीक्षा द्यावी लागते.

गटात मात्र सर्वांकडे एकाच सेवेचे संच हवेत. म्होरक्याकडे 50 वॅट आणि शेवटच्या गाडीत 2 वॅटचा वॉकीटॉकी असेल, तर सूचना पोहोचते, पण अडकलेल्याचे उत्तर परत येत नाही. आणि ताफ्यात हमखास मागे राहते ती शेवटचीच गाडी. खर्च करायचाच तर तो तिच्या अँटेनावर आधी करावा. संचाला वीज थेट बॅटरीवरून, फ्यूज घालून द्यावी, कारण 50 वॅटचा संच बोलताना 10 अँपिअरच्या वर प्रवाह ओढू शकतो. अँटेना बसवल्यावर एसडब्ल्यूआर मीटर (अँटेना आणि संच यांचा मेळ किती जमला हे दाखवणारे उपकरण) लावून पाहावा: आकडा 1.5 च्या खाली असावा. तो 3 वर गेला तर पाव शक्ती संचाकडे उलटी फिरते आणि संचाला धोका पोहोचतो. ही तपासणी सर्व दारे आणि बोनेट बंद करून मोकळ्या जागेत करावी, कारण जवळच्या भिंतीमुळे किंवा उघड्या बोनेटमुळेही आकडा बदलतो.